जिम्नीची मागची स्प्रिंग बैठकीतून सुटते : दोन्ही टोके बांधावीत की एकच?

सुदामानगर_इंदूर :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाच दारांची जिम्नी (मारुती सुझुकीची छोटी जीप) आहे. पावसाळ्यापूर्वी तिला सुमारे दोन इंच उंची देणाऱ्या चार नव्या स्प्रिंगा आणि त्यांच्यासोबत लांब शॉक अब्सॉर्बर बसवून घेतले. डांबरी रस्त्यावर काही तक्रार नाही. मात्र इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला नदीपात्रातल्या दगडांवर मागचे एखादे चाक खाली लोंबून पुन्हा वर आले की त्या बाजूने लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा टक्क असा आवाज येतो.

चेसिसखाली जॅक लावून मागची बाजू उचलून पाहिली, तेव्हा ॲक्सल (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा आस) पूर्ण खाली गेल्यावर डावीकडची स्प्रिंग हाताने सहज फिरते असे आढळले. वरच्या बैठकीतले (स्प्रिंगचे टोक जिच्यात बसते त्या वाटीतले) रबर सैल पडते आणि स्प्रिंगचे खालचे टोक ज्या पायरीला टेकून असायला हवे तिच्यापासून ते बोटभर सरकलेले आहे. शेवटच्या वेढ्यावरचा रंग एका जागी घासला जाऊन तेथे लोखंड चकाकू लागले आहे.

ज्या गॅरेजमध्ये काम करून घेतले तेथील मिस्त्री म्हणतात की पोलादी तारेने स्प्रिंग वर आणि खाली घट्ट बांधून टाकू, म्हणजे ती हलणारच नाही. दुसऱ्या एका फिटरने खालच्या वेढ्यावर पट्टी ठेवून ती वेल्ड करण्याचा सल्ला दिला. दोन्ही उपाय मला पटत नाहीत, पण ते का पटत नाहीत हेही नीट सांगता येत नाही. ही स्प्रिंग नेमकी कशी धरून ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पीथमपूरकर :

आपल्याला पटले नाही हे बरेच झाले. आधी वेल्डिंगचा विचार डोक्यातून काढून टाकावा. स्प्रिंगचे पोलाद पाणी देऊन कडक केलेले आणि मग ठराविक तापमानाला तापवून चिवट केलेले असते. त्यावर वेल्डिंगचा टाका पडला की तेवढ्या जागी ते ठिसूळ होते आणि काही महिन्यांनी नेमके त्याच ठिकाणी तुटते. स्प्रिंगला भोक पाडणे, ग्राइंडर लावणे किंवा धारदार कडेची पट्टी तिच्यावर आवळणे हेही वर्ज्य आहे, कारण लहानशा खाचेपासूनच तडा सुरू होतो.

आता मूळ मुद्दा. कंपनीच्या गाडीत ही स्प्रिंग कोणी बांधलेली नसते, तरीही ती सुटत नाही, कारण ॲक्सल खाली जाताना शॉक अब्सॉर्बर पूर्ण ताणला जाऊन थांबतो आणि त्या क्षणीही स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. म्हणजे स्प्रिंगला तिचा स्वतःचा दाबच जागेवर ठेवतो. आपण लांब शॉक बसवले तेव्हा ॲक्सलला आणखी खाली जाण्याची मोकळीक मिळाली. स्प्रिंगची मोकळी लांबी (भार नसतानाची लांबी) मात्र त्या प्रमाणात वाढली नसावी. शॉक तिरका बसलेला असल्यामुळे त्याची लांबी जितकी वाढते तितकेच बैठकींमधील अंतर वाढते असेही नाही, म्हणून कागदावर हिशेब करण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजणे बरे.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उंची तितकीच ठेवून स्प्रिंग जितकी कडक घ्याल तितकी ती लवकर सैल पडते. उदाहरणादाखल एका मागच्या स्प्रिंगवर २०० किलो भार येतो असे धरू. दर मिलिमीटरला २ किलो घेणारी स्प्रिंग त्या भाराखाली १०० मिलिमीटर दबते. दर मिलिमीटरला अडीच किलो घेणारी ८० मिलिमीटरच दबते. गाडी दोन्हींवर सारख्याच उंचीला उभी असेल, तर दुसऱ्या स्प्रिंगची मोकळी लांबी पहिलीपेक्षा २० मिलिमीटरने कमी असणार. त्या उंचीवरून ॲक्सल ११० मिलिमीटर खाली जाऊ शकत असेल, तर पहिली स्प्रिंग शेवटच्या १० मिलिमीटरला सैल पडेल आणि दुसरी ३० मिलिमीटरला. छतावर कॅरियर, मागे पाण्याचे आणि डिझेलचे कॅन अशा भारासाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावण्याची हौस आपल्याकडे फार आहे, आणि हा आवाज बहुतेक वेळा त्या हौसेचाच असतो. (जिम्नी पेट्रोलवर चालते, तिला डिझेलचे कॅन लागत नाहीत, हे मला माहीत आहे, पण कॅटलॉगात स्प्रिंग त्याच नावाने विकली जाते.)

म्हणून प्रथम हे करावे. दोन्ही बाजूंना चेसिसखाली भक्कम घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) लावाव्यात, ॲक्सल शॉकवर लोंबू द्यावा आणि वरच्या व खालच्या बैठकीतले अंतर मोजावे. मग ॲक्सलखाली जॅकचा आधार देऊन शॉकचे खालचे बोल्ट सोडावेत, ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही याकडे लक्ष ठेवून जॅक हळूहळू उतरवावा, स्प्रिंग काढून घ्यावी आणि तिची मोकळी लांबी मोजावी. लांबी अंतरापेक्षा किमान १० ते १५ मिलिमीटरने जास्त असेल तर काहीही बांधण्याची गरज नाही. कमी असेल तर दोष लांबीच्या जुळणीत आहे, आणि तो तारेने जाणार नाही.

पावागड_४बाय४, बडोदे :

पीथमपूरकरांचे विवेचन योग्य आहे, पण मला एका बाबतीत वेगळे म्हणायचे आहे. स्प्रिंग सुटणे हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही. दगडधोंड्यांत गाडी चालवणारे अनेक जण मुद्दाम जास्त खाली जाणारा ॲक्सल ठेवतात आणि वरच्या बैठकीत निमुळता शंकू बसवतात. स्प्रिंग खालून क्लॅम्पने धरलेली असते. चाक फार खाली गेले की तिचे वरचे टोक बैठकीतून मोकळे होते आणि चाक वर येताना शंकूच्या उतारावरून घसरत बरोबर जागेवर बसते. खालचे टोक धरून ठेवण्याची ही पद्धत नवी नाही. लँड रोव्हरच्या जुन्या, कॉइल स्प्रिंगवाल्या गाड्यांत मागच्या स्प्रिंगचा खालचा वेढा ॲक्सलवर पट्टीने आणि बोल्टने धरलेला असतो, वरचे टोक नुसते बैठकीत बसते. शंकू ही त्यावरची नंतरची भर आहे.

दोन्ही टोके मात्र कधीही बांधू नयेत. कॉइल स्प्रिंग दाबली जाण्यासाठी असते. दोन्हीकडून बांधलेली स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपलीकडे जाऊ लागली की ती ॲक्सलला वर ओढते, म्हणजे जे चाक जमिनीला टेकावे म्हणून सारा खटाटोप केला तेच चाक हवेत राहते. आणि त्या ओढीचा सगळा ताण क्लॅम्पच्या बोल्टवर आणि बैठकीच्या पातळ पत्र्यावर येतो. तारेचे म्हणाल तर ती पहिल्याच दोन-चार हिसक्यांत सैल होते, वेढ्यावरचा रंग कापते आणि तुटलेले टोक ब्रेकच्या नळीपर्यंत पोहोचू शकते.

पीथमपूरकर :

शंकूला माझा तत्त्वतः विरोध नाही. परंतु स्प्रिंग मोकळी झाल्यावर त्या चाकावर उरतो तो केवळ चाकाचा आणि ॲक्सलच्या त्या बाजूचा स्वतःचा भार. गाडीचे वजन त्या चाकापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ते जमिनीला टेकलेले दिसले तरी त्याची पकड नाममात्र असते. छायाचित्रात ते छान दिसते हे मान्य. ज्यांना रोज त्याच गाडीने ऑफिसला जायचे आहे त्यांनी शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरचा मोह सोडावा, असे माझे मत आहे. वेगात असताना एखाद्या उंचवट्यावरून मागची बाजू उसळली आणि सुटलेली स्प्रिंग तिरकी बसली, तर शंकू दर वेळी वाचवेलच असे नाही.

रोजच्या वापरासाठी मी क्रमाने असे सुचवेन : योग्य लांबीचे शॉक मिळत असतील तर तेच बदलावेत, ते शक्य नसेल तर ॲक्सलला खाली जाण्यापासून रोखणारे पट्टे लावावेत. हे पट्टे अनेक पदरी नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात, एक टोक चेसिसला आणि दुसरे ॲक्सलला. डिफरन्शियलवर (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यावर) मध्यभागी लावलेला एकच पट्टा पुरत नाही, कारण तो संपूर्ण ॲक्सल खाली जाणे रोखतो, पण एकच बाजू खाली झुकणे रोखत नाही, आणि आपला आवाज तर नेमका तेव्हाच येतो. म्हणून डावा आणि उजवा असे दोन पट्टे हवेत. स्प्रिंग अजून १५ मिलिमीटर दाबलेली असतानाच पट्टा ताठ व्हावा. पट्टा भाराखाली फुटामागे इंचभर लांबू शकतो असे धरून त्याची लांबी थोडी आखूडच ठेवावी.

राजवाडा_काका :

वर सर्व सांगून झालेच आहे. क्लॅम्पबद्दल थोडे लिहितो. खालच्या वेढ्यावर बसणारी पट्टी वेढ्याच्या गोलाईला जुळणारी असावी, तिच्या कडा कानशीने गोल कराव्यात आणि पट्टी व वेढा यांच्यामध्ये रबराचा किंवा जाड नायलॉनचा तुकडा असावा. स्प्रिंगचा जो भाग बैठकीवर कायम टेकलेला असतो, म्हणजे टोकाकडचा जवळपास पाऊण वेढा, तेवढ्यातच क्लॅम्प धरावा. त्यापुढचा वेढा प्रत्येक खड्ड्यात हलतो. तेथे आवळले तर क्लॅम्प सैल होईल किंवा स्प्रिंग तुटेल. नट नायलॉनच्या कड्याचा, म्हणजे आपोआप न सुटणारा, घ्यावा. हे सारे सामान इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल.

आणखी एक. आपल्या माळव्याची काळी माती खालच्या बैठकीत जाऊन बसली की वाळून विटेसारखी घट्ट होते. तिच्यामुळे स्प्रिंगचे टोक पायरीत बसत नाही, आणि आपण दोष मात्र स्प्रिंगला देतो. पाणी निघून जाण्याचे भोक असेल तर ते मोकळे आहे की नाही, हे खिळा घालून पाहावे.

सुदामानगर_इंदूर :

आपणा सर्वांचे आभार. काल मोजमाप केले. ॲक्सल लोंबलेला असताना मागच्या बैठकींमधील अंतर स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीपेक्षा डावीकडे २२ आणि उजवीकडे १९ मिलिमीटरने जास्त भरले. काकांनी म्हटल्याप्रमाणे डाव्या बैठकीत मातीचा थरही निघाला. एक शंका आहे. स्प्रिंगखाली ४० मिलिमीटरची चकती टाकली तर हे अंतर भरून निघेल आणि पट्ट्यांची गरजच उरणार नाही, असे एका मित्राने सुचवले आहे. ते बरोबर आहे का?

पीथमपूरकर :

गणित बरोबर आहे, कारण चकतीसह लांबी अंतरापेक्षा १८ ते २१ मिलिमीटरने जास्त होईल. पण गाडी मागून तेवढीच आणखी उंच होईल, पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) ॲक्सल आणखी थोडा एका बाजूला सरकेल आणि प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोनही वाढेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चाक पूर्ण वर जाते तेव्हा स्प्रिंगला ४० मिलिमीटर कमी जागेत मावावे लागेल. स्प्रिंग काढलेली असताना ॲक्सल जॅकने बम्प स्टॉपचे (ॲक्सलला फार वर जाण्यापासून थांबवणाऱ्या ठोकळ्याचे) रबर चेपेपर्यंत वर न्यावा आणि बैठकींमधील अंतर मोजावे. आठ वेढे आणि १३ मिलिमीटर जाडीचा बार असेल, तर सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर स्प्रिंगची उंची जवळपास १०४ मिलिमीटर होते. चकती वजा केल्यावर उरलेली जागा त्याहून स्पष्टपणे जास्त हवी. ती नसेल तर बम्प स्टॉपही तितकाच लांब करावा लागेल. एवढा व्याप करण्यापेक्षा मी पट्टेच लावीन.

पट्टे लावल्यावर एक मागचे चाक उंच ठोकळ्यावर चढवून दुसरे खाली लोंबू द्यावे आणि त्या अवस्थेत खालची स्प्रिंग हाताने फिरते का, ब्रेकच्या नळीला ढील उरते का, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. स्प्रिंगच्या टोकावर आणि बैठकीवर समोरासमोर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवावी. चोरलहून परतल्यावर दोन्ही रेघा समोरासमोर असतील तर पट्ट्याची लांबी बरोबर आहे. सरकलेल्या दिसल्या तर पट्टा आणखी एक भोक आखूड करावा.

पावागड_४बाय४, बडोदे :

पट्ट्यांना माझीही हरकत नाही. फक्त चेसिसकडचा बोल्ट दुहेरी पत्र्यात धरावा, म्हणजे पट्ट्याला हिसका बसल्यावर तो अडकवलेला पत्र्याचा कान वाकणार नाही.

सुदामानगर_इंदूर :

ठीक आहे. चकतीचा विचार सोडला. पट्टे मागवले आहेत आणि ते येईपर्यंत जुने शॉक परत बसवून घेतो.