हिआपोच्या धर्तीवर फुलं रंगवताना चित्र छापील का दिसतं?

कुंचला: जॉन पुले (जन्म १९६२, पॅसिफिकमधलं नियूए बेट; वाढले न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये) यांच्या नव्वदच्या दशकातल्या, हिआपो कापडावर बेतलेल्या चित्रांच्या धर्तीवर काम चालू आहे. ४ बाय ३ फुटांचा कच्चा सुती कॅनव्हास, फ्रेमवर न ताणता भिंतीला टाचलेला. पट्टीने चौकटी आखून पानंफुलं भरली, तर थेट चादरीचं छापकाम दिसतंय. शिवाय काळी शाई फुटते. चुकतंय कुठे?

पानवेल: पट्टीच नडतेय. हिआपो म्हणजे कागदी तुतीची आतली साल कुटून केलेलं नियूएचं कापड. सामोआ बेटांवरच्या सियापो या अशाच कापडाचा एक प्रकार कोरलेल्या फळीवर घासून उठवतात. १८८० च्या दशकातल्या हिआपोवर मात्र हाताने काढलेल्या बारीक काळ्या रेघा दिसतात. म्हणून १०-१२ सेंमीच्या चौकटी कोळशाने, नुसत्या हाताने काढा. थोड्या वाकड्या झाल्या तर उत्तमच. शेजारच्या चौकटीत तोच आकार पुन्हा नको.

आणि झाड ओळखू आलं पाहिजे! पुले यांच्याकडे ‘ती माता आलेआ’ येते, म्हणजे कॉर्डिलाइन. नियूएच्या कथेत पहिली माणसं याच झाडातून आली. आपल्याकडे कुंडीत असते, समोर ठेवून काढा: पानं खोडाच्या शेंड्याशी दाटलेली, खाली गळलेल्या पानांचे वळे, शिरा मधल्या शिरेपासून तिरप्या, एकमेकींना खेटून. जास्वंदीसारखं शिरांचं जाळं काढलंत की गेलं.

शाईदौत: कच्चं सूत पाणी ओढून घेतं, म्हणून शाई फुटते. मॅट मीडियम (बिनचमकीचं, पारदर्शक अॅक्रिलिक द्रावण) आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन हात द्या, २४ तास वाळवा, मग शाई. तैलरंग मात्र कच्च्या कापडावर कधीच नको, तेलाने सूत ठिसूळ होतं.

पुले यांच्या पुढच्या चित्रांत एनॅमल, तैलरंग, शाई सगळं एकत्र दिसतं. तसं करायचं तर क्रम पाळा. शाई आधी, कारण गुळगुळीत एनॅमलवर ती धरत नाही. मग एनॅमल, शेवटी तैलरंग. ओल्या तैलरंगावर एनॅमल चढवलं तर वरचा थर आधी वाळतो आणि सुरकुततो.

कुंचला: आणि हिआपोवरचा तो तपकिरी रंग?

पानवेल: मुळात झाडाच्या सालीचा रंग. कॅनव्हासवर पिवळी माती आणि रॉ अंबर (तपकिरी मातीचा रंग), चहाइतकं पातळ. एकसारखं पसरवू नका, डाग राहू द्यात.

शाईदौत: गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर, नळी किमान १० सेंमी जाड. घडी घातलीत तर एनॅमल तडकणारच.