भुजंगधारीतला खळगा: कृष्णविवराचा उद्रेक की वायूची लाट?

शततारका:
भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर एक दीर्घिकासमूह, म्हणजे अनेक आकाशगंगांचा समूह, आहे. अवकाशातल्या चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रात त्यातल्या तप्त वायूला आत वळलेली एक कड दिसते. २०१६ मध्ये नॉर्बर्ट वेर्नर आणि सहकाऱ्यांनी ती नोंदवली. पण मधल्या कृष्णविवराच्या झोतांनी तिथे खळगा पाडला असेल, हे त्यांना पटेना, कारण ऊर्जा अचाट लागत होती. २०२० मध्ये सिमोना जाचिनतुच्ची यांच्या गटाने त्या जागेची रेडिओ निरीक्षणं तपासली. त्यांत नारायणगावजवळच्या आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची जुनी निरीक्षणंही होती. खळगा रेडिओ तेजाने, म्हणजे झोतांतून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या खुणेने, भरलेला निघाला. माझ्या मते वाद तिथेच मिटला. ऊर्जेचा आकडा मोठा येतो म्हणून पुरावा नाकारता येत नाही.

चिकित्सक:
मिटला कसा? ययाति तारकासमूहाच्या दिशेच्या दीर्घिकासमूहातही अशीच कड आहे. २०१७ मध्ये स्टीफन वॉकर यांच्या गटाने ती संगणकातल्या प्रतिरूपांशी ताडून पाहिली, तर ती लाट ठरली. एक लहान समूह जवळून गेला, वायू घंगाळातल्या पाण्यासारखा हिंदकळला आणि थरावरून थर घसरताना दोन लाख प्रकाशवर्षांची लाट उठली. भुजंगधारीतला वायूही हिंदकळलेलाच आहे.

शततारका:
पण ययातितल्या त्या जागी रेडिओ तेज अजिबात नाही, आणि वॉकर यांच्या गटाने बुडबुडा, म्हणजे झोतांनी वायूत पाडलेली पोकळी, नाकारताना हाच मुद्दा धरला होता. तीच कसोटी इथे लावा.

माळावरचा:
मी नारायणगावचा, त्या ४५ मीटरच्या तबकड्या बघतच वाढलो, म्हणून राहवत नाही. झोतातून आलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी जास्त ऊर्जेचे आधी विझतात. त्यामुळे जुना बुडबुडा फक्त कमी वारंवारतेलाच दिसतो, आणि जीएमआरटी त्यासाठीच तर आहे! लोणार आठवा. ज्वालामुखी की उल्का, हे विवराच्या आकारावरून ठरलं नाही. १९७३ मध्ये आघातानेच बनणारी काच तिथल्या खडकात दाखवली गेली, तेव्हा ठरलं. खळग्यात काय भरलंय ते महत्त्वाचं.

चिकित्सक:
दाखला आवडला, पण ती काच आघाताशिवाय बनत नाही. इलेक्ट्रॉनांचं तसं नाही. पूर्वीच्या लहान उद्रेकांतले इलेक्ट्रॉन हिंदकळत्या वायूने एका बाजूला लोटले असतील. झोत दोन्हीकडे निघतात, तर २०२० च्या निबंधात बुडबुडा एकच का? पलीकडे वायू विरळ असल्याने दुसरा लवकर विरला, असं लेखक म्हणतात. शक्य आहे, पण तो पुरावा नव्हे. शिवाय ५ गुणिले १० चा ५४ वा घात ज्यूल हा ऊर्जेचा आकडा एका कमानीवरून अख्खा गोल कल्पून काढलाय.

शततारका:
आकड्याबद्दल मान्य. ‘महास्फोटानंतरचा सर्वांत मोठा स्फोट’ हे मथळे मलाही खटकले, कारण असे उद्रेक कोट्यवधी वर्षं चालतात. पण आकडा निम्मा धरला तरी आधीच्या विक्रमाच्या अडीच पट उरतो. आपल्यासारख्या १५ आकाशगंगा ओळीने मावतील एवढी जागा लहान उद्रेकांनी रिकामी झाली, हे मला पटत नाही.

चिकित्सक:
रिकामी झाली असं का धरायचं? लाटेच्या पोटातही जागा विरळच दिसते. चुंबकीय क्षेत्र अशा कडेला चिकटून ताणलं जातं आणि इलेक्ट्रॉनांना अडवून धरतं.

शततारका:
अडवतं, पण कुठल्या बाजूला? हिंदकळणाऱ्या समूहांत ते धूसर रेडिओ तेज कडेच्या आत, दाट वायूत कोंडलेलं असतं. इथे ते कडेच्या बाहेर, नेमकं खळग्यात आहे.