लग्नावरचा कोटा

युरोपातल्या ज्यूंवरच्या जुन्या बंधनांचा विषय निघाला की चर्चा घेट्टो (ज्यूंना सक्तीने राहावी लागणारी वेगळी वस्ती) आणि जादा करांपाशीच थांबते. त्याहून क्रूर गोष्ट मला बोहेमिया-मोरावियातली (आजच्या चेक प्रजासत्ताकातले प्रांत) वाटते. तिथे राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट सहाव्या चार्ल्सने 1726-27 मध्ये ज्यू कुटुंबांची संख्याच गोठवली: बोहेमियात 8,541, मोरावियात 5,106. प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक. वडील वारले की तो थोरल्या मुलाकडे जायचा आणि मगच त्याला लग्नाची परवानगी. नुसत्या मुली असल्या तर ते घराणं सरकारदरबारी संपलं!

धाकट्यांनी करायचं काय? कुणी हंगेरीत गेले. कुणी माळ्यावर चोरून, धर्मविधीप्रमाणे लग्नं लावली. संसार खरा, पण सरकारी दप्तरात बायको अविवाहित, मुलं अनौरस आणि त्यांना आडनाव आईचं. त्या भागातल्या जुन्या नोंदी बघताना 'अनौरस' या शेऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

हे 1848च्या क्रांतीपर्यंत चाललं. जर्मनीतल्या बव्हेरियातही 1813 पासून ज्यू कुटुंबांची संख्या नोंदवहीने बांधून ठेवणारा असाच नियम होता, तो 1861 पर्यंत टिकला. तिथले कितीतरी तरुण अमेरिकेला गेले, त्यामागे गरिबीइतकंच हेही कारण होतं.