फटी बुजवा, मग भिंतींचं बघू
"जाड भिंती केल्या की थंडीचा प्रश्न मिटला" असं अनेकांना वाटतं, ते अर्धंच बरोबर आहे. कॅनडात सस्कॅचवानच्या रिजायना शहरात १९७७ साली बांधलेल्या प्रात्यक्षिक घरात घर तापवणारी भट्टीच नव्हती, आणि तिथला हिवाळा म्हणजे उणे ३० अंश! भिंती फूटभर जाड होत्या, पण खरी करामत फटी बुजवण्यात होती. भिंतीत प्लास्टिकचा अखंड पडदा, अगदी विजेच्या बोर्डामागेसुद्धा. हवेच्या एका पेटीतून कोंदट हवा बाहेर जाताना आत येणाऱ्या गार हवेला ऊब देऊन जायची. (छतावरची महागडी सौर यंत्रणा मात्र पुढे काढून टाकली.)

शिवाय हे घर लोकांना आतून बघायला खुलं होतं. प्लायवूड आणि प्लास्टिकमधून ती हवेची पेटी घरीच कशी बनवायची, याची पुस्तिका सस्कॅचवान विद्यापीठाच्या अभियंत्यांनी काढली. आपल्याकडे प्रात्यक्षिक घराची फीत कापतात, पुस्तिका कुणी काढत नाही.