शिवी देणं ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का?

प्रश्न: मी रोज प्रार्थना करतो पण राग आला की तोंडातून शिवी निघतेच आणि मग दिवसभर मन खातं. बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये शिवीचं थेट नाव नाहीये, मग हे खरंच पाप आहे का? प्लीज नीट सांगा.

उत्तर: देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा आहे, पण ती वेगळी गोष्ट. तुम्ही बायबलमधलं इफिसकरांस पत्र ४:२९ वाचा. प्रेषित पौल म्हणतो कुजकं बोलणं तोंडातून निघू नये, आणि तिथला ग्रीक शब्द 'साप्रोस' म्हणजे सडलेलं, मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच शब्द जाळ्यातल्या फेकून दिलेल्या माशांना वापरलाय. मला तरी यात पळवाट दिसत नाही.

उत्तर: शिवी कोणावर फेकली ते पण बघा ना, ठेच लागल्यावर निघालेला शब्द आणि समोरच्याला कमी लेखायला दिलेली शिवी एकच कशी? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात ३:९ मध्ये तेच दुखणं आहे, ज्या जिभेने देवाची स्तुती त्याच जिभेने त्याच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाला शाप.

उत्तर: दादा खचू नका, येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला नाकारताना शाप दिले, शपथा घेतल्या (मत्तय २६:७४), तरी येशूने त्याला टाकलं नाही. प्रार्थनेत कबूल करा आणि ज्याला बोललात त्याची आजच माफी मागा.