टर्नर हवाय: नात्यातला मुलगा घ्यावा की हात बघून अनोळखी?

मकरपुरा_लेथ
बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायची मशीन), एक मिलिंग, माणसं सहा. पंपाचे बुश, शाफ्ट, स्लीव्ह अशी कामं. जुने टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, दिवाळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत. घरून आग्रह आहे की मावसबहिणीच्या मुलाला घे. बी.कॉम. झालाय, स्वभावाने चांगला, पण मशीनला कधी हात लावलेला नाही.

जागेसाठी आणखी दोघे आले. दोघांनाही मी एक बुश आणि मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) देऊन माप घ्यायला सांगितलं. आठ वर्षं अनुभव सांगणाऱ्याने तेलकट बुश तसाच धरला आणि आकडा सांगितला. नंतर लेथवर चकची (तुकडा घट्ट धरणाऱ्या फिरत्या भागाची) चावी चकमध्येच ठेवून बटणाकडे हात नेला. मी ओरडलो म्हणून थांबला. ती चावी उडाली असती तर समोरच्याचं डोकंच फुटलं असतं. दुसरा तरसाळी आयटीआयचा, दोन वर्षांचा टर्नर कोर्स नुकताच संपवलेला. त्याने आधी बुश पुसला, मायक्रोमीटर मिटवून शून्य बघितलं, तीन ठिकाणी माप घेतलं आणि म्हणाला, "शेठ, एका बाजूला दोन शतांश मिलिमीटर जास्त आहे." मला कळायचं ते तिथेच कळलं.

माझं मत: कारखान्यात नातं आणू नये. हात बघावा. तुम्हाला काय वाटतं?

रावपुरा_गृहउद्योग
अजिबात पटलं नाही. माझ्याकडे चकली-चिवड्याच्या कामाला आठ बायका आहेत, सगळ्या ओळखीतल्या. चकली पाडायला पंधरा दिवसांत शिकवता येते. गल्ल्याची चावी ठेवून मी सासूबाईंच्या आजारपणात तीन आठवडे पुण्याला राहिले, तो विश्वास कुठल्या परीक्षेत कळणार? तुमचा आयटीआयवाला सहा महिन्यांत हजार रुपये जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये जाईल. आणि बडोद्यात बसून नात्याला नावं ठेवू नका. १८७५ साली महाराणी जमनाबाईसाहेबांनी बडोद्याच्या गादीसाठी मुलगा शोधला तो गायकवाडांच्या भाऊबंदांतलाच, थेट नाशिककडच्या कवळाणे गावाहून आणलेला.

कारेलीबाग
काकू, पण कवळाण्याहून मुलं तीन आली होती. कशासाठी आलास असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ (पुढचे सयाजीराव महाराज) "राज्य करायला" म्हणाला, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. म्हणजे भाऊबंदांतूनही पारखूनच घेतला, आणि पुढे कित्येक वर्षं शिकवला. इथे भाच्याला कोणी काही विचारलंय का? त्याला लेथवर उभं राहायचंय की आईला बरं वाटावं म्हणून येतोय?

लेथवर_१५_वर्षं
मी कामगार आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. हात बघा, जरूर बघा, पण त्या दिवसाची हजेरी, म्हणजे मजुरी, द्या. एका ठिकाणी मला "ट्रायल" म्हणून चार दिवस राबवलं, दीडशे नग काढून घेतले आणि मग कळवतो म्हणाले. दुसऱ्या शेठने ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली होती, पळून जाऊ नये म्हणून. माणूस हजार रुपयांसाठी जात नाही हो. पगार सात तारखेचा वीसवर गेला, उचल मागितली की चारचौघांत बोलणं ऐकावं लागलं, की मग जातो.

मकरपुरा_लेथ
दादा, बरोबर आहे तुमचं. त्या मुलाला मी अर्धा दिवस थांबवलं आणि फक्त चहा दिला. ते पैसे उद्या देतो.

खातेवही
मी लहान कारखान्यांचे हिशेब बघते. माझ्या मते तुम्ही दोघेही मूळ मुद्दा सोडताय. पगाराचा आकडा सांगितलाच नाही! कितीतरी मालक दहावा माणूस घेतच नाहीत, कारण दहा झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागतं. २१,००० पर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. तेवढ्यात त्याच्या घरच्यांच्याही औषधपाण्याची सोय होते. हा खर्च वाटतो, पण माणूस टिकतो तो अशानेच. तुमची माणसं सहा, त्यामुळे अॅप्रेंटिस (शिकाऊ कामगार) घेणं सक्तीचं नाही (ते तीसपासून), पण किमान चार असल्यामुळे घेता येतो. २०१६ च्या अॅप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार देतं. आयटीआयवाल्याला तसं घ्या आणि करार लेखी करा.

रावपुरा_गृहउद्योग
करार कागदावर राहतो, बाई. माझ्याकडची एक बाळंतपणानंतर दोन वर्षांनी स्वतःहून परत आली, तिला कुठला करार होता? मात्र चकच्या चावीचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या इथे चुकलं तर घाणा जळतो, तुमच्या इथे माणूस जातो. लेथवर भाचा नको, एवढं मान्य. पण स्टोअर, चलन, वसुली या कामाला घरचाच हवा.

मकरपुरा_लेथ
वसुलीला तर मुळीच नको, काकू. पैशांत चूक झाली तर अनोळखी माणसाला मी विचारू शकतो. बहिणीच्या मुलाला विचारलं तर राखीपौर्णिमेला घरात बोलणं बंद होईल. त्याला आधी कारेलीबागवाल्यांचा प्रश्न विचारतो. आयटीआयवाला सोमवारपासून येतोय. पगार किती ते त्याला आजच फोनवर सांगितलं, सात तारीखही सांगितली.

रावपुरा_गृहउद्योग
दिवाळीपर्यंत टिकला तर इथेच लिहा. नाही टिकला तरी लिहा.