शब्दचर्चा : ‘धर्मसंकट’ कुठे, ‘मोह’ कुठे?

प्रश्न : ‘पेपर्स, प्लीज’ या गेमवर मराठीत लेख लिहितो आहे. त्यातल्या प्रसंगांना ‘धर्मसंकट’ म्हणावं का? आणि खेळाडू जो कोणी होऊन खेळतो, त्याला ‘भूमिका’ शब्द चालेल का?

उत्तर : सरसकट ‘धर्मसंकट’ नको. लुकास पोप यांच्या या २०१३ च्या गेममध्ये आपण आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासतो. पगार माणशी मिळतो, चुका वाढल्या की दंड होतो, आणि रोज रात्री घरभाडं, अन्न, इंधन यांचा हिशेब असतो. एका नवऱ्याचे कागद चोख असतात. मागून आलेल्या बायकोकडे प्रवेशपरवाना नसतो. तिला सोडलं तर नियम मोडतो, परत पाठवलं तर माणुसकी. दोन्हीकडून कर्तव्यच ओढतं, म्हणून हे धर्मसंकट.

पण पुढे एक पहारेकरी सांगतो, जास्त माणसं अटकेत पाठव, मला मिळणाऱ्या बोनसमधला वाटा तुलाही देतो. इथे एका बाजूला नुसता लोभ आहे. याला ‘मोह’ म्हणा. मात्र त्याच रात्री घरात मुलगा आजारी असेल आणि औषधाला पैसे नसतील, तर तोच वाटा घ्यावा की नाही हे धर्मसंकट होतं! या गेमची खरी ताकद मला इथे दिसते.

आणखी एक उत्तर : वरच्याशी सहमत. ‘भूमिका’बद्दल सांगतो. ‘भूमिका वठवणे’ आणि ‘भूमिका घेणे’ यांत मोठा फरक आहे, त्यामुळे ‘खेळाडूची भूमिका’ एवढंच लिहिलं तर वाचक गोंधळेल. मी खेळायला मिळालेल्या माणसाला ‘पात्र’ म्हणतो आणि खेळाडूच्या निर्णयासाठी ‘भूमिका’ राखून ठेवतो. बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) हा गेम घ्या. त्यात वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसांना जगवायचं असतं. ब्रूनो आचारी, कात्या पत्रकार, पावले फुटबॉलपटू ही पात्रं. म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातलं अन्न उचलायचं की उपाशी परतायचं, ही भूमिका. चोरीनंतर पात्रं खचतात, तीही सगळी सारखी नाहीत.

आणि कृपा करून अशा गेमना नुसतं ‘प्रौढांसाठी’ लिहू नका, भलताच अर्थ निघतो. पोलंडने २०२० मध्ये ‘धिस वॉर ऑफ माइन’ शाळांच्या शिफारस-यादीत घेतला, १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी. ‘जाणत्या वयाच्या खेळाडूंसाठी’ असं लिहिता येईल.